छत्रीकाकांचं बाकडं

गेला आठवडाभर मी घरात नुसता चालतोय. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून गराजच्या दारापर्यंत, तिथं पोचलं की कशाला आलो होतो ते आठवत नाही म्हणून परत स्वयंपाकघरात. रिटायर झालेल्या माणसाने चालावं, डॉक्टरच सांगतात. पण ते सकाळी, बूट घालून, ठरवून. मी चालतोय ते हातात झारा घेऊन, गॅसवर काहीतरी करपत असताना. माझ्या बायकोने, शुभदाने, दोन दिवस करपलेलं खरवडलं आणि मग म्हणाली, "एक तर खाली जाऊन त्यांना सांगून टाक, नाही तर बाहेर जाऊन चाल. आपल्या मॉरिसव्हिलवाल्यांनी चालायला एवढे ट्रेल्स बांधलेत ते काय हरणांसाठी?"

खाली म्हणजे आमच्या घराच्या खालच्या मजल्यावरच्या खोलीत, आणि त्यांना म्हणजे माझ्या वडिलांना, अण्णांना. सांगायचं एवढंच होतं की छत्रीकाका गेले.

छत्रीकाका आमचे कुणी लागत नव्हते. ते इंग्लंडमधले एक विनोदी नट. वय शंभरीला टेकलेलं, झोपेत गेले, फोनवर चार ओळींची बातमी आली आणि खाली लोकांनी रडक्या आणि हसऱ्या तोंडांची रांग लावली. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही, कारण आमच्या घरात ते कधी कुणी उच्चारलंच नाही. उच्चारलं असतं तर आईने ते असं काही उच्चारलं असतं की त्यांनी नटाचा धंदा सोडला असता. बातमी आधी पाठवली ती क्युपर्टिनोच्या माझ्या मुलीने. "बाबा, इज धिस युअर अम्ब्रेला मॅन? सो सॉरी. आजोबांना सांगितलंस?" तिच्या मेसेजांत मराठी येतं ते फक्त मला अडचणीत आणायला.

सांगितलं नव्हतं. अण्णा नव्वदीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं, वॉकर धरून बाथरूमपर्यंत जाणं हा त्यांचा प्रवास. पण दर शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्या टीव्हीवर छत्रीकाकांच्या मालिकेचा एक जुना भाग लावतो, आणि तेवढा वेळ त्यांचे खांदे हलतात. आता पुढचा शनिवार येऊन ठेपला होता. न सांगता भाग लावायचा, म्हणजे गेलेल्या माणसाला त्यांच्यापुढे हसवत उभं करायचं. सांगून लावायचा, तर ते हसले नाहीत म्हणजे? माझी येरझार त्या प्रश्नाची होती. आणि ही येरझार मला कुठून आली, हे सांगायचं तर जर्सी सिटीच्या आमच्या पहिल्या घरात जावं लागेल, जिथे बसायला काही नव्हतं.

बसायला काही नव्हतं हे गरिबीने नव्हे. अण्णा भूल देणारे डॉक्टर होते, पगार बरा होता. पण ते आमच्या आधी दोन वर्षं एकटे येऊन राहिले होते आणि मी आठवी पुरी करून आईबरोबर आलो, त्या दिवसापासून घरात एकच वाक्य ऐकलं: पुढच्या वर्षी परत जायचंय. परत जाणारा माणूस सोफा घेत नाही. परत जाणारा माणूस खोक्यांची दोरी सोडत नाही. आमच्या हॉलमध्ये मिरजेहून आलेली आणि मिरजेला जायची खोकी भिंतीला लावून ठेवलेली असत, आणि आई त्यांच्यावर धुतलेले कपडे वाळत घालत असे. बसायला तीन घडीच्या खुर्च्या होत्या, त्या बागेत वापरायच्या, ॲल्युमिनियमच्या, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या. आमच्याकडे बाग नव्हती. चौथा मजला होता, आणि रेडिएटर होता, जो हिवाळ्यात एखाद्या चिडलेल्या म्हाताऱ्यासारखा फुसफुसायचा आणि मध्येच कुणीतरी आत कोंडल्यासारखा ठोके द्यायचा. तो सुरू झाला त्या पहिल्या रात्री आईला वाटलं होतं की शेजारी तक्रार करतायत. तिने भिंतीला तोंड लावून "सॉरी" म्हटलं होतं.

अण्णा हॉस्पिटलातून आले की चालायचे. कोट न काढता, खिडकीपासून खोक्यांपर्यंत आणि खोक्यांपासून खिडकीपर्यंत. दिवसभर दुसऱ्यांना झोपवायचं काम करून आलेला माणूस स्वतः दोन मिनिटं टेकत नसे. जेवतानाही अर्धं लक्ष उठण्यात. आई म्हणायची, "अहो, बसा ना जरा." ते म्हणायचे, "बसलोच आहे." आणि हे चालता चालता म्हणायचे. मीही मग तसाच झालो. शाळेत मित्र करावेत तर पुढच्या वर्षी जायचंच आहे, बँडमध्ये नाव द्यावं तर पुढच्या वर्षी जायचंच आहे. मधल्या सुट्टीत मी मैदानाला फेऱ्या मारायचो, आणि मुलांना वाटायचं मी कसलीतरी तयारी करतोय.

शनिवारी संध्याकाळी मात्र घर थांबायचं. त्या दिवशी आई थालीपीठ करायची. भाजणी कुठून मिळणार. तिने मक्याचं पीठ, ओट्स आणि राय नावाच्या तिकडच्या धान्याचं पीठ एकत्र करून एक प्रकार बसवला होता, ज्याला मिरजेत कुणी थालीपीठ म्हटलं नसतं, पण भरपूर कांदा आणि वर लोण्याचा गोळा असला की माणूस फार चौकशी करत नाही. ते ती बिडाच्या जाड तव्यावर लावायची, आणि तवा तापला की छतावरचा धुराचा अलार्म केकाटायचा. मग अण्णांचं शनिवारचं पहिलं काम: वर्तमानपत्र घेऊन अलार्मखाली उभं राहून वारा घालणं. अलार्म थांबला की ते हिरव्या-पांढऱ्या खुर्चीत बसायचे. खरोखर बसायचे, पाठ टेकून. कारण तेव्हा आमच्या भागातल्या एका चॅनेलवर ओळीने इंग्लंडच्या विनोदी मालिका लागायच्या. एकीत एक घरमालकीण आणि तिचे भाडेकरू, दुसरीत दोन म्हातारे भाऊ एकाच घरात मध्ये खडूची रेघ ओढून राहणारे. सगळं कापडाच्या भिंतींत चालायचं, दार आपटलं की भिंत हलायची. अण्णांना ते फार आवडायचं. म्हणायचे, "बघ, अगदी आपल्या गणेशोत्सवातल्या नाटकासारखं. आता कुणीतरी मागून धरलं असेल."

आणि शेवटी छत्रीकाका. त्या मालिकेला आम्ही घरात 'हरवलं-सापडलं' म्हणायचो. लंडनच्या एका मोठ्या स्टेशनात हरवलेल्या वस्तूंचं ऑफिस, मागे फळ्यांवर नुसत्या छत्र्या, आणि काउंटरवर हा उंच, हडकुळा माणूस, कोटाच्या बाह्या आखूड, कानावर पेन्सिल. माणसं यायची, हा पेन्सिल काढायचा, टोक जिभेला लावायचा आणि एखाद्या सर्जनच्या गांभीर्याने विचारायचा, "तर मग, काय हरवलंय आपलं?" कुणाचं हरवलेलं काय असेल याचा नेम नसे. एकदा एका नवरदेवाची नवरी. मग पुढचा प्रश्न, "शेवटचं कधी पाहिलंत?" तो गृहस्थ जे काय सांगेल ते हा एक शब्द न गाळता लिहून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, "अजून कुणी आणून दिलेलं नाही, साहेब. पण ऑफिस रोज उघडं असतं. बाकडं तिकडे आहे. बसा." भाग संपेपर्यंत त्या बाकड्यावर नवरदेव, एक पाद्री, एकाच पायात बूट असलेला माणूस असे सगळे मांडीला मांडी लावून बसलेले असायचे, आणि कुणाला घरी जायची घाई नसायची.

अण्णा आवाज न करता हसायचे. आधी खांदे, मग पोट, मग खुर्चीच्या पट्ट्या करकरायला लागायच्या. मी स्वयंपाकघरात ताटं घेत असलो तरी त्या करकरण्यावरून मला कळायचं की छत्रीकाका आले. आईला त्यांच्या इंग्रजीतला एक शब्द कळत नसे, पण तिचं त्यांच्या तोंडाकडे लक्ष असे. म्हणायची, "ह्याला भूक लागलीय. ह्याच्या घरी कुणी करून घालणारं नाही, बघ." मी मात्र माझं इंग्रजी त्यांच्याकडूनच शिकलो आणि त्याचे परिणाम भोगले. अख्ख्या जर्सी सिटीत लंडनच्या कारकुनासारखा बोलणारा मी एकटाच मराठी मुलगा. शाळेच्या हेडमास्तरांनी मला कॉरिडॉरमध्ये भटकताना पकडून विचारलं, कुठे निघालास, तर मी कपाळाला आठ्या घालून त्यांनाच म्हणालो, "तर मग, काय हरवलंय आपलं?" त्या दिवशी हरवली ती माझी मधली सुट्टी.

मग एका थंडीत मिरजेहून तार आली. आजोबा, म्हणजे अण्णांचे वडील, गेले होते, आणि तार पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. अण्णांना जाता आलं नाही. हॉस्पिटलची सुट्टी, कागदपत्रं, तिकीट, काहीच जुळलं नाही. ते रडले नाहीत. चालायला लागले. आता शनिवारीसुद्धा. टीव्ही लागायचा, छत्रीकाका विचारायचे काय हरवलंय, आणि अण्णा त्यांच्यासमोरून खिडकीकडे जायचे आणि खिडकीकडून परत यायचे, पडद्याकडे न बघता. खुर्ची रिकामी. आई थालीपीठं करायची, ती निवायची. एके दिवशी अण्णा खोक्यांपाशी थांबले आणि म्हणाले, "मार्चमध्ये निघू. मिरजेला जागा आहे माझ्यासाठी." आई फक्त "बरं" म्हणाली. तिच्या 'बरं'चा अर्थ मला माहीत होता: बरं नाही. पण मला ते नको वाटलं ते मिरजेला जायचं म्हणून नव्हे, हे मला आजही नीट सांगता येतं. मिरजेत माझे मित्र होते. मला भीती वाटली ती अशी की हा माणूस तिथेही असाच चालत राहील. आजोबांच्या रिकाम्या घरात, खिडकीपासून दारापर्यंत. कुठे राहायचं हा प्रश्न मला चौदाव्या वर्षी दुय्यम वाटत होता. मला अण्णा बसलेले हवे होते.

आणि त्याच सुमारास चॅनेलने सांगितलं की छत्रीकाका अमेरिकेच्या दौऱ्यावर आहेत आणि एका शनिवारी आमच्या स्टुडिओत येणार आहेत. हे चॅनेल वर्गणीवर चालायचं. वर्षातून दोनदा ते चांगला रंगलेला कार्यक्रम मध्येच थांबवून, गणपतीच्या मंडळासारखी वर्गणी मागायचे. लोक घरून फोन करायचे, आणि स्टुडिओत टेबलांवर ओळीने फोन मांडून कुठल्या तरी मंडळाची नाही तर क्लबची माणसं ते फोन घ्यायची, सगळं कॅमेऱ्यासमोर. मी आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षा बोरकर काकूंना फोन केला. काकूंना टीव्हीवर जायचं एवढं कळल्यावर पुढचं काही ऐकावं लागलं नाही. चार दिवसांत त्यांनी तो शनिवार मंडळाच्या नावावर करून घेतला. अडचण अण्णांची. ते नुसतं "ये म्हणतायत" म्हणून येणाऱ्यातले नव्हते. म्हणून मी सांगितलं, "अण्णा, तिथे दिव्यांचा फार उकाडा असतो, काकू म्हणाल्या कुणाला चक्कर आली तर जवळ डॉक्टर पाहिजे." ते क्षणभर थांबले. चालताना थांबले हेच विशेष. "ब्लड प्रेशरची तक्रार कुणाला आहे?" मी विचार न करता म्हणालो, "बोरकर काकांना." बिचारे काका. स्टुडिओच्या पार्किंगमध्ये पोचल्या पोचल्या अण्णांनी त्यांचा दंड धरला आणि पट्टा गुंडाळला.

आई आली नाही. "तुम्ही सगळे तिकडे गेलात तर टीव्हीवर तुम्हाला बघणार कोण?" तिने स्टीलच्या डब्यात थालीपीठं भरून दिली, मध्ये लोण्याची वाटी. "त्यांना सांग, गरम नाहीत, पण घरची आहेत."

बोरकर काकूंचा हुकूम होता की बायकांनी नऊवारी नेसायची आणि पुरुषांनी फेटे बांधायचे. अण्णांनी फेट्याकडे ऑपरेशनला नकार देणाऱ्या पेशंटसारखं पाहिलं, त्यामुळे त्यांच्या वाट्याचाही उत्साह माझ्या डोक्यावर आला. काकांनी तो बांधला, ब्लड प्रेशरची दहशत मनात असल्यामुळे असेल, अगदीच सैल. मी शेवटच्या फोनवर, अण्णा माझ्या शेजारच्या, मांडीवर काळी बॅग. त्या माणसाला बसवायला मला अखेर टीव्ही चॅनेलची खुर्ची लागली होती, आणि तिच्यावरही ते कडेला, उठायच्या बेतात बसले होते.

छत्रीकाका आले. कानावर पेन्सिल, आखूड बाह्या, पण जवळून बघितलं तर थकलेले, मानेला पावडर लावलेली, डोळ्यांखाली काळं. आई म्हणायची तेच खरं, भूक लागलेला माणूस. निवेदिका बाई त्यांना एकेका टेबलापाशी नेत होत्या, दिवे लागले होते, समोर खुर्च्यांवर बसलेले प्रेक्षक आधीपासूनच हसायच्या तयारीत. ते माझ्यासमोर आले, हात पुढे केला. मी हात मिळवायचा होता. पण चौदा वर्षांची सवय. समोर वडील माणूस, ज्याला आपण काका म्हणतो, पहिल्यांदा भेटतो. मी टेबलाला वळसा घालून आलो आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. फेटा सुटला. तो नुसता पडला असता तर एक वेळ ठीक. तो पडला आणि उलगडत, घरंगळत कॅमेऱ्याच्या दिशेने निघाला. छत्रीकाकांना आयुष्यात कुणी असा नमस्कार केला नसणार. त्यांना वाटलं, पोराचं काहीतरी पडलं आणि पोरगं ते शोधतंय. माझ्यासारख्याच सवयीने तेही खाली बसले. आम्ही दोघं त्या स्टुडिओच्या जमिनीवर, रांगत, त्या लांबच लांब गुलाबी कापडामागे. लोक खुर्च्यांवर आपटून हसत होते. कॅमेरावाला मागे सरकत होता. कापडाचं टोक हाती लागल्यावर छत्रीकाका गुडघ्यांवरच राहिले, कानावरची पेन्सिल काढली, टोक जिभेला लावलं आणि मला विचारलं, "तर मग, काय हरवलंय आपलं?"

हे वाक्य मी हजार वेळा म्हणून दाखवलं होतं. उत्तर द्यायची वेळ पहिल्यांदाच आली होती, आणि माझ्या तोंडातून हवासुद्धा बाहेर पडेना. हेडमास्तरांसमोर कुठे गेलं होतं हे अडखळणं, देव जाणे. छत्रीकाका थांबले. निवेदिका बाई हसऱ्या तोंडाने थांबल्या. आमच्या घरात वडीलधाऱ्याचा प्रश्न असा लोंबकळत ठेवत नाहीत. मुलाला येत नसेल तर बापाने उत्तर द्यायचं. अण्णा उभे राहिले. त्यांना म्हणायचं होतं, "फेटा." असं ते नंतर नेहमी सांगायचे. शब्द तोंडात तयार होता. पण ते त्यांच्या त्या सावकाश, हॉस्पिटलातल्या इंग्रजीत म्हणाले, "माझे वडील, सर. माझे वडील हरवलेत."

लोक हसले. हसणारच, त्यांना हसायलाच बोलावलं होतं. पण हसू अर्ध्यावर विरलं, कारण अण्णांचा चेहरा विनोद करणाऱ्याचा नव्हता. निवेदिका बाईंनी हाताने कुणाला तरी खूण केली. बोरकर काकूंनी पदर खांद्यावर घेतला. मला वाटलं जमीन दुभंगावी, आणि ती दुभंगत नाही हे बघून वाटलं की निदान फेट्याखाली तरी तोंड लपवावं. छत्रीकाका हळूच उभे राहिले. ते आता काहीतरी गमतीचं बोलतील आणि सगळं सुटेल, या आशेने सगळे त्यांच्याकडे बघत होते. ते गमतीचं काही बोलले नाहीत. ऑफिसातलं रजिस्टर नव्हतं, म्हणून डावा तळहात पुढे धरला, पेन्सिल त्यावर टेकवली आणि मालिकेतल्याच आवाजात, तितक्याच गांभीर्याने विचारलं, "शेवटचं कधी पाहिलंत, साहेब?"

"मी इकडे यायला निघालो तेव्हा. मिरज जंक्शनवर." अण्णा सांगत होते जसं पेशंटची हकीगत सांगतात. "ते तिथेच पार्सल ऑफिसात होते, आयुष्यभर. डब्याच्या दारात ठेवलेल्या माझ्या ट्रंकेची दोरी मी बांधली होती. त्यांना ती सैल वाटली. ते पुन्हा बांधायला लागले. गाडी सुटली तरी बांधत होते. डब्याबरोबर चालत चालत बांधत होते. मी म्हणालो, दादा, सोडा. त्यांनी गाठ मारली, मग दोरी हातातून सोडली. माझ्याकडे बघितलं नाही. गाठीकडे बघत होते."

"ओळखायची खूण?"

अण्णांनी त्यांच्या कानाकडे बोट दाखवलं. "पेन्सिल. कायम तिथे पेन्सिल असायची."

मी पाहिलेले आजोबा रिटायर झालेले होते, सदरा घालून पेपर वाचणारे. पेन्सिल मी कधी पाहिली नव्हती. इतके शनिवार त्या खुर्चीत बसून अण्णा कुणाला बघून हसत होते, हे मला त्या दिवशी, हातात गुलाबी कापड घेऊन उभं असताना कळलं. छत्रीकाकांनी ते सगळं तळहातावर लिहून घेतलं. खरंच लिहीत होते, मी जवळून पाहिलं, कातडीवर शिसाच्या रेघा उठत होत्या. मग मान वर केली. "अजून कुणी आणून दिलेलं नाही, साहेब," ते म्हणाले. "पण ऑफिस रोज उघडं असतं." इथे ते थोडे थांबले. "बसा."

अण्णा बसले. पाठ टेकून.

एवढ्या वेळात स्टुडिओत एक फोन वाजत होता आणि तो माझा होता. काहीतरी करायला मिळालं म्हणून मी झडप घातली, आणि सगळ्या राज्याच्या समोर, चॅनेलने पढवलेलं वाक्य सोडून, घरच्यासारखा ओरडलो, "हॅलो, कोण बोलतंय?" आता मात्र लोक हसले. आणि पलीकडून आवाज आला, मागे धुराचा अलार्म कोकलत होता, "विन्या, मी बोलतेय. त्यांना डबा दिलास का?" तिने पडद्यावरचा नंबर बघून फोन लावला होता. तव्यावरचं जळत होतं. मी म्हणालो, "आई, इथे सगळे बघतायत." ती म्हणाली, "मला दिसतंय. म्हणूनच विचारतेय. डबा कुठाय?" मी टेबलाखालचा डबा काढून छत्रीकाकांच्या हातात दिला. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि आईला इंग्रजीत फार अदबीने काहीतरी सांगितलं, पार्सल पोचल्याचं. आईने त्यांना मराठीत सांगितलं की डबा परत पाठवा. मग एक आवाज आला. मी वळून पाहिलं. चॅनेलच्या खुर्च्या लाकडी होत्या, करकरत नव्हत्या, पण अण्णांचे खांदे हलत होते, आणि मांडीवरच्या काळ्या बॅगेतल्या काचेच्या बाटल्या किणकिणत होत्या.

 घरी जाताना गाडीत मी फेट्याची घडी घालायचा प्रयत्न करत होतो, ती आजतागायत मला जमलेली नाही. पुढच्या शनिवारी अण्णा सकाळीच कुठेतरी गेले आणि दुपारी दोन माणसांनी जिन्यावरून एक सोफा वर आणला. तपकिरी चौकड्यांचा, इतका कुरूप की आईला आधी वाटलं चुकून आमच्याकडे आलाय. तो ठेवायला खोकी हलवावी लागली, आणि हलवलेल्या खोक्यांच्या दोऱ्या मग एकेक करून सुटल्या. मार्चमध्ये अण्णा एकटे मिरजेला जाऊन आले. आपण इथे राहणार, असं आमच्या घरात कधी कुणी म्हटलं नाही. सोफा आला, एवढंच. स्टीलचा डबा मात्र आला नाही. आई जाऊन काही वर्षं झाली. शेवटपर्यंत तिचं म्हणणं, माणूस चांगला होता, पण डब्याच्या बाबतीत बेफिकीर.

तर काल, शनिवारी संध्याकाळी, मी तवा तापत ठेवला, थालीपीठ लावलं, वर झाकण घातलं आणि खाली गेलो. खाली जाऊनही सांगितलं नाही. अण्णांच्या खोलीत पडद्याची दोरी सारखी केली, औषधांच्या डबीचं झाकण लावलं, मग उघडलं, रिमोट शोधला, तो हातातच होता. खिडकीपासून कपाटापर्यंत, कपाटापासून खिडकीपर्यंत. अण्णा त्यांच्या आरामखुर्चीतून बघत होते. म्हणाले, "विन्या. काय हरवलंय तुझं?"

मी उभाच राहिलो. त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने बोलावं लागतं, आणि काही गोष्टी मोठ्याने बोलता येत नाहीत. तरी बोललो. "छत्रीकाका गेले, अण्णा."

त्यांनी मान हलवली. रडले नाहीत. हाताने कानापाशी काहीतरी चाचपल्यासारखं केलं, श्रवणयंत्र असेल. "शेवटचं कधी पाहिलंस?"

"तुमच्याबरोबरच. गेल्या शनिवारी. इथेच."

"मग," ते म्हणाले, "अजून कुणी आणून दिलेलं नाही. लाव. आणि तू बस आधी."

त्यांच्या पलंगाच्या कडेला मी बसलो, पाठीला भिंत. भाग लागला. तो उंच माणूस काउंटरवर आला, पेन्सिल काढली, आणि शेजारी अण्णांची खुर्ची हलायला लागली. मी बसलेलो होतो. किती वेळ, ते ठाऊक नाही, कारण वरून करपल्याचा वास आला आणि पाठोपाठ अलार्म. आताचे अलार्म नुसते ओरडत नाहीत, बाईच्या आवाजात सांगतात की आग लागली आहे. शुभदा जिन्यावरून ओरडली, "अरे, तो तवा." मी उठणार तेवढ्यात अण्णांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. दुसऱ्या हाताने त्यांनी शेजारचा मंडळाचा दिवाळी अंक उचलला, आणि पडद्यावरची नजर न काढता, खुर्चीत बसल्या बसल्याच, वरच्या मजल्यावरच्या त्या अलार्मला वारा घालायला लागले.